बशीरचाचांनी माझं खरं मानलं

हे आत्ताच्या आत्ता लिहायलाच हवं, नाहीतर मी फुटेन. काल बशीरचाचांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळिसावा होता. तिथून आल्यापासून डोक्यात एवढी गर्दी झालीय की कुठून सुरू करू तेच कळत नाहीये. टायपिंगच्या चुका पोटात घाला, परत वाचायची माझ्यात हिंमत नाही.

चाचा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीत होते, म्हणजे मशीनवरून आलेला प्रत्येक पार्ट मोजून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. रिटायर झाले, पण तपासायची सवय काही गेली नाही. पार्ट नाहीत तर मग आम्ही पोरं! संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि कोणीही काहीही सांगत आलं की एकच प्रश्न. "बघितलंस, ऐकलंस, की वाटलं तुला?"

मी आठ वर्षांची होते. धावत खाली आले आणि ओरडले, "चाचा, टाकीत साप पडलाय!"

"बघितलास?"

"नाही, रोहन म्हणाला."

"रोहन, तू बघितलास?"

"मला वरच्या काकू म्हणाल्या."

चाचा उठले. आम्हा सगळ्यांना घेऊन गच्चीवर गेले, स्वतः शिडीवर चढले, टॉर्च मारली आणि आत हात घालून काळ्या पाइपचा एक तुकडा बाहेर काढला. आम्ही हसून हसून लोळलो. रोहन म्हणाला, "म्हणजे साप वगैरे काही नसतंच!" चाचा खाली उतरत म्हणाले, "असं कुठं कळलं? कळलं एवढंच की आज टाकीत साप नाही. जेवढं बघितलं तेवढंच बोलायचं, वर एक चमचा जास्त टाकायचा नाही."

मग द्राक्षांचं. माझ्या मामाने पिंपळगावहून पेटी पाठवली होती, काळी आणि हिरवी दोन्ही. मी सगळ्यांना ज्ञान दिलं की काळी गोड असतात, हिरवी आंबट. चाचांनी खिशातला रुमाल काढला, माझ्या डोळ्यांवर बांधला आणि एकेक द्राक्ष हातात द्यायला लागले. कुठलं काळं, कुठलं हिरवं, चवीवरून ओळख. दहापैकी पाच बरोबर आली. मला रडूच यायला लागलं, कारण मला खरंच फरक लागत होता हो! चाचा म्हणाले, "तू खोटं बोलत नव्हतीस बेटा. तुझ्या जिभेच्या आधी तुझे डोळे बोलत होते. रंग बघून मन आधीच ठरवून बसतं. म्हणून तर मी कारखान्यात पार्ट कोणत्या ऑपरेटरचा आहे ते विचारायचोच नाही. दोस्ताचा असला की हात ढिला पडतो."

माझी आई मात्र वैतागलेली असायची. एकदा तर जिन्यातच भांडायला लागली. "चाचा, तुम्ही शिकवता आणि बोलणी मला बसतात! काल हिने आमच्या सासूबाईंना विचारलं, मांजर आडवं गेल्याने काम बिघडलेलं तुम्ही बघितलंय की ऐकलंय. सासूबाई जेवल्या नाहीत!"

"भाभी, पोरगी विचारते ते चांगलंय. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. फुकट असतं."

"तुमच्या घरी सासू नाही म्हणून सुचतंय!" आई म्हणाली. मागून चाची जोरात हसल्या. "इनके साथ मी चाळीस वर्षं काढली, तू चाळीस मिनिटं काढ!"

आणि असं नाही हं की ते आम्हालाच पकडायचे. एकदा गोदावरीच्या पुराची गोष्ट रंगवून सांगत होते, पाणी कुठपर्यंत चढलं, लोक कसे पळाले. तळमजल्यावरची छोटी अलिशा, पाच वर्षांची, मधेच म्हणाली, "चाचा, तुम्ही बघितलंत?" चाचा थांबले. डोकं खाजवलं. "नाही गं. अब्बांकडून ऐकलं." आणि मग इतके खूश झाले, इतके खूश झाले की तिला उचलून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेले आणि आइस्क्रीम दिलं. आम्ही सगळे जळलो. चाचा म्हणाले, "तुम्ही पण मला पकडा, तुम्हाला पण देतो."

मी पॅथॉलॉजी लॅबचा कोर्स केला तो त्यांच्यामुळेच. सध्या एका लॅबमध्ये कामाला आहे. पहिल्या दिवशी मी कामावरून आले तर चाचा म्हणाले, "आता बिल्डिंगमध्ये दोन इन्स्पेक्टर." सगळ्यांना सांगत फिरायचे, प्राजू स्वतः बघितल्याशिवाय सही करत नाही म्हणून. मालेगावला त्यांच्या आपा असतात, मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच चाचांना वाढवलं. त्यांनासुद्धा फोनवर माझंच कौतुक. आपांचे गुडघे गेलेत, फोनवर ऐकूही नीट येत नाही, दोन वर्षं भेट नव्हती. या उन्हाळ्यात चाचा महिनाभर जाऊन राहणार होते. बॅग पण काढली होती.

त्याच सुमारास पोट दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या, पोटातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायला त्यांचा मुलगा अकीलभाई मला सोबत घेऊन गेला, कारण मला त्यातलं कळतं. मी रिक्षात उघडला. कॅन्सर. स्कॅनमध्ये यकृतापर्यंत गेलेला. तसेच दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी अकीलभाईला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर दोन-तीन महिने.

घरी आलो तर चाची जिन्यातच उभ्या. अकीलभाईने सांगितलं. त्या रडल्या नाहीत. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्यांना कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे, प्राजू."

"चाची, पण चाचांना..."

"अब्बा जेवण सोडतील," अकीलभाई म्हणाला. "त्या दिवसापासून मरायला लागतील. तू पोरगी आहेस, तुला नाही कळायचं."

आणि सगळे असंच करतात ना? आमच्या आजोबांना पण नव्हतं सांगितलं. माझी आईसुद्धा म्हणाली, माणसाची आशा काढून घेऊ नये. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी मला हाक मारली. घरात कोणी नव्हतं. पलंगावर बॅग उघडी, अर्धे कपडे भरलेले.

"बस. अकील म्हणतो काही नाही. त्याने ते डॉक्टरांकडून ऐकलं. तुझी चाची म्हणते बरं होईल, ते तिला वाटतं. रिपोर्ट तू वाचलास ना?"

"हो."

"स्वतः?"

"हो, चाचा."

"मग तू सांग. कारण मला हिशेब करायचाय. काही मोठं असेल तर मी उद्याच आपाकडे जातो."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बॅगेकडे बघितलं आणि मी म्हणाले, "अल्सर आहे, पोटातला फोड. जरा खोल आहे. गोळ्यांनी भरून येईल."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही! कागद दाखव म्हणाले नाहीत. अख्ख्या आयुष्यात कोणाचं काही न तपासता न सोडणारा माणूस, त्याने नुसता श्वास सोडला. "या अल्लाह. मी काय काय विचार करून बसलो होतो." मग हसले. "मग घाई नको. असं सुकलेलं तोंड घेऊन गेलो तर आपा रडत बसेल. बरा होऊन जातो, बकरी ईद झाली की."

आणि बॅगेतले कपडे काढायला लागले. मी मदत केली. चार शर्ट, दोन पायजमे, आपांसाठी घेतलेली शाल. मी स्वतःच्या हाताने ते सगळं परत कपाटात ठेवलं.

नंतर एकदा मी खरं सांगणार होते. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "प्राजू, या गोळ्या काम करत नाहीयेत, डॉक्टरला विचार." मी तोंड उघडलं तेवढ्यात चाची सूपाची वाटी घेऊन आल्या, आणि मी म्हणाले, विचारते. पाचव्या आठवड्यात त्यांना उठून बसता येईना. आपांना फोन लावून दिला तर त्यांना ऐकू येईना, आणि चाचांच्यात मोठ्याने बोलायची ताकद नाही. दोघं नुसते "हॅलो, हॅलो" करत राहिले. सातव्या आठवड्यात चाचा गेले. ईद अजून यायची होती.

सकाळी मालेगावला निरोप गेला. अडीच तासांत आपा आल्या. अडीच तास! दोघांनी उचलून जिना चढवला त्यांना. त्यांनी भावाचं तोंड बघितलं, गालावर हात ठेवला आणि विचारलं, "हा तर किती दिवसांपासून आजारी होता. मला तर फोडच सांगितला होता पोटात. कोणी सांगितलं होतं त्याला फोड आहे म्हणून?"

खोलीत बायका होत्या, चाची होत्या. मी म्हणाले, "मी."

आपांना ऐकू आलं नाही. कानावर हात ठेवून परत विचारलं, "कोण?"

मला दुसऱ्यांदा मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. "मी सांगितलं, आपा. मी प्राजू."

त्या म्हणाल्या, "प्राजू? तू तर न बघता बोलत नाहीस." त्यांचा आवाज चिडका नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

काल चाळिसाव्याला चाची मला जवळ घेऊन म्हणाल्या, तुझ्यामुळे ते शांतपणे गेले. आई पण तेच म्हणते. असेलही. पण चाचांनी मला विचारलं होतं ते दिवस मोजायला, आणि त्यांचे दिवस त्यांच्याऐवजी आम्ही ठरवले.

तुमच्याही घरी कोणाला असं न सांगता ठेवलं होतं का? आणि त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?