ऐकणारं कोणी नसलं की

माझा मामा मालवणच्या बंदरावर मासळीचे दर कॉम्प्युटरवर टाकायचा. होडीवरच्या दोरात अडकून त्याचा उजवा हात आखडला आणि समुद्रावर जाणं सुटलं. मग मच्छीमार सोसायटीने त्याला लिलावाच्या शेडमध्ये खुर्ची दिली. डाव्या हाताच्या एका बोटाने तो टाइप करायचा: सुरमई, बांगडा, पापलेट. त्याने दर बदलला की कुडाळ-कसालच्या व्यापाऱ्यांच्या स्क्रीनवर तो आपोआप बदलायचा. तो प्रोग्रॅम माझा. २००९ साली, कुडाळच्या एका लहानशा ऑफिसात मी तो लिहिला होता. अशा कामाला रिअॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणतात, हे मला नंतर कळलं.

त्यात एक घोळ होता. व्यापाऱ्याने दरांचं पान उघडलं की प्रोग्रॅम त्याला धरून ठेवायचा. पान बंद करून माणूस जेवायला गेला तरी सोडायचा नाही. निघून गेलेल्यांचा असा ढीग साचून दुपारपर्यंत मेमरी भरायची आणि सगळंच अडून बसायचं.

दिवाळीनंतर मी ते दुरुस्त केलं. जो जाईल त्याला तिथल्या तिथे मोकळं करायचं. शेवटचाही गेला की बंदराचं कनेक्शनच बंद, कोणी आला की परत सुरू. मामाच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मी एक शब्दही दाखवायला लावला, ‘चालू’ किंवा ‘बंद’. त्या शब्दाचं मला फार कौतुक वाटत होतं. प्रोग्रॅम अडायचा थांबला, ऑफिसातले साहेब खूश झाले.

पुढे एका रविवारी मी बंदरावर गेले तर मामाने विचारलं, “दुपारी ह्या बंद कित्याक पडता गो? मी काय चुकीचा दाबतंय?”

“नाय रे मामा. बघणारो कोण नसलो काय ता आपसूक बंद होता.”

तो स्क्रीनकडे बघत राहिला. “म्हणजे इतके दिवस दुपारी मी कोणाक सांगी होतंय?”

दुपारी लहान होड्या येतात, त्यांची थोडीशी मासळी असते. तेवढ्यासाठी तो जेवण शेडमध्येच मागवायचा. “लोक वाट बघतत,” असं मामीला सांगायचा. हे मला ठाऊक होतं. तरी तो शब्द घालताना माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी ऑफिसात दरांचं पान उघडून ठेवू लागले. बघत नव्हते, नुसतं उघडं. दोन-तीन दिवसांनी मामाचा फोन आला, “आता दुपारी पण कोणतरी आसा गो!” त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी घाईने फोन ठेवला.

पुढे एकदा दुपारी शेडमधली लाईट गेली म्हणून तो कसालला कोणाकडे तरी गेला होता, आणि परतताना मला बांगडे द्यायला ऑफिसात आला. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर त्याचेच सकाळचे दर उघडे होते. मी दुसऱ्याच कामात होते. तो पाठी कधी येऊन उभा राहिला, कळलंच नाही.

“दुपारचा ता तूच काय?”

“व्हय.”

तो रागावला नाही. पिशवी टेबलाखाली ठेवली. “बंद कर ता,” म्हणाला, आणि मी बंद करीपर्यंत तिथेच उभा राहिला.

त्यानंतर तो सकाळचा लिलाव आटपून घरी येऊ लागला. दुपारची खुर्ची सोसायटीने रिकामीच ठेवली, कोणाची तक्रार आली नाही. महिन्याभराने मी जेवायला गेले तेव्हा मामी वाढता वाढता म्हणाली, “बरा केलंस गो. आता माणूस येळेर घरात जेवता तरी.”

मी मान हलवली. मामा काटे काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.