माझा कामचोर हात

द्वारका चौकाच्या मागं माझं दाढी-कटिंगचं दुकान हाय. शाळेत मी गेलो ते फक्त मास्तरांची दाढी करायला.

दोन वर्षं झाली, उजवा हात थरथरतो. नुसता बसलो तर गरीब गाय. वस्तरा उचलला की करंट लागल्यासारखा. गिऱ्हाईक आधी माझं तोंड हुंगतं, मग गाल पुढं करतं. एक जण म्हणाला, तुझ्याकडं यायचं तर विमा काढून यावं लागंल. मी पण हसलो. न हसून काय करू, तो उठला असता.

डॉक्टरनं कागदावर गोल काढायला लावलं. माझा गोल करवतीच्या दातांसारखा निघाला. म्हणाला, हे दारूनं नाय, भीतीनंबी नाय. शिरांचं हाय, घराण्यातून येतं. काम करताना वाढतं, हात ठेवला की थांबतं. गोळीनं पुरतं जाईलच असं नाय. मी म्हटलं, म्हणजे हात कामचोर हाय. तो हसला. मला बाप आठवला. त्याच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडायचा, आणि मी गल्लीभर सांगायचो, म्हातारा चोरून पितो. त्यानं मला एकदाबी खोटं पाडलं नाय. तसाच गेला.

मग नातीचं जावळ आलं. माझी पोरगी हटून बसली, पहिली कात्री अप्पांचीच, म्हणजे माझीच. माझा पोरगा दुकान चालवतो, पण तो पडला मामा. आमच्यात लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. म्हणून मीच. आठ दिवस नारळाच्या शेंडीवर सराव केला. नारळ लय सोसतो.

त्या दिवशी नातीच्या आत्यानं केस झेलायला पदर पसरला. मी कात्री उचलली. पातं कानाजवळ नाचायला लागलं. म्हटलं, जरा थंडी वाजतीय. डोक्यावर पंखा फिरत होता अन् मी घामानं निथळत होतो. परत उचलली. तोवर पोरीनं नातीचा कान हातानं झाकला होता.

"अप्पा, राहू द्या," ती हळूच म्हणाली.

पोरगा उठला. लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, कात्री घेतली. विहीणबाई म्हणाल्या, मांडी मामाचीच लागती. तोवर पोरानं पहिली बट कापली. नात वळवळ करायची म्हणून मी तिच्या पोटावर हात ठेवला. केस पदरात पडत होते. मी हाताकडं बघितलं. जरासुद्धा हलत नव्हता.