पट्टीतली तुटक रेघ

“मध्ये सोडलंय, टाकलेलं नाही,” असं सुहासिनीताई सदा म्हणायच्या. अर्ध्या विणलेल्या स्वेटरबद्दल म्हणायच्या, निम्म्यावर राहिलेल्या जर्मनच्या परीक्षेबद्दल म्हणायच्या, आणि कुणी खोदून विचारलंच तर आपल्या नोकरीबद्दलही. नवरा केंद्र सरकारात. त्याची बदली झाली की यांचं जमलेलं काम मोडायचं. शिलाँगला मोडलं, भोपाळला मोडलं. आता दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून त्या रोज मेट्रोनं नोएडाला येत आणि एका बांधकाम कंपनीत कामांची वेळापत्रकं लावत.

एका जागी बसणं मात्र त्यांना जमलं नाही. विचार करायचा तर चालत. एका खिडकीत चहा निवत असायचा आणि त्या पलीकडच्या खिडकीत पोचलेल्या असायच्या. त्यांचा साहेब यशोधन, वयानं पुष्कळ लहान, पुण्याहून आलेला. तो वैतागायचा.

“ताई, बसा ना यार जरा. मला गरगरायला लागलं.”

“तू स्क्रीनकडे बघ. माझ्या पायांकडे कशाला बघतोस?”

त्या हिवाळ्यात हातात एका शाळेची इमारत होती. शाळा शालिनी देव चालवायच्या; दिल्लीतच जन्मल्या-वाढल्या होत्या. पोरं भाड्याच्या जागेत बसत होती. एप्रिलपासून ती जागा हवी की नको, हे घरमालकाला आता कळवायचं होतं. नको म्हणून कळवलं आणि इमारत उभी राहिली नाही, तर सगळी शाळा उघड्यावर येणार होती. शालिनीताईंचा भरवसा या दोघांच्या शब्दावर होता.

आणि नेमकी धुरक्यानं हवा बिघडली. दरवर्षीसारखी सरकारी बंदी आली. धूळ उडवणारं सगळं बांधकाम बंद. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब निम्मा ओतून झाला होता, निम्म्यात नुसत्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

संगणकावर प्रत्येक कामाची एक पट्टी असते. काम मध्येच थांबलं की ती पट्टी तोडावी लागते. झालेला तुकडा जागेवर राहतो, उरलेला पुढे सरकवायचा, आणि दोन्हींच्या मध्ये एक तुटक रेघ उमटते. सुहासिनीताईंनी स्लॅबची पट्टी तशी तोडली. खालच्या मजल्यांवरच्या वायरिंगची धूळ होत नाही, ते चालू ठेवलं. बंदी उठण्याची तारीख अंदाजानं धरली आणि उरलेला स्लॅब तिच्या दुसऱ्या दिवसाला चिकटवला. शेवट ओढूनताणून का होईना, एप्रिलच्या अलीकडे बसला.

“बघा, बसलं!” यशोधनला हायसं वाटलं. त्यानं हेड ऑफिसला कळवलं, शालिनीताईंनाही कळवलं.

दोन दिवस ताईंच्या येरझाऱ्या वाढल्या. यशोधनच्या खुर्चीमागून जात, परत येत, पुन्हा जात. शेवटी थांबल्या.

“बंदी उठली की दुसऱ्या दिवशी स्लॅबवर उभं कोण राहणार?”

“लेबर, आणखी कोण!”

“तुला दिसले ते?”

त्यांनी ऑटो बोलावली आणि त्यालाही सोबत घेतलं.

साइटवर मजुरांच्या झोपड्यांना कुलपं होती. चुलींतली राख गार पडली होती. एकटा ठेकेदार मुरलीधर पोतं बांधत बसला होता.

“सब गाँव गये, मॅडम. यहाँ बैठ के क्या खायेंगे? शाम को मैं भी निकल रहा हूँ.”

“बंदी उठेल तेव्हा?”

“फोन करेंगे. लेकिन होली से पहले कौन लौटेगा? आप लौटोगे?”

ऑफिसात परतताच त्यांनी स्लॅबचा उरलेला तुकडा उचलून होळीच्या पलीकडे ठेवला. त्यामागची भिंतींची, गिलाव्याची, रंगाची कामं एकामागून एक घसरत गेली आणि शेवट पावसाळ्यात जाऊन पडला. यशोधन खुर्चीतून उठला.

“ताई, मागे घ्या तो. हेड ऑफिस मला फाडून खाईल. लेबर मी दुसरीकडून आणतो.”

“कुठून? बंदी काय आपल्या एकट्याच्या साइटला आहे? उठली की दिल्लीभोवतालची सगळी एनसीआर याच मजुरांच्या मागे धावणार.”

तेवढ्यात दारात शालिनीताई उभ्या राहिल्या.

“मी घरमालकाकडेच निघालेय. म्हटलं, जाता जाता एकदा पक्कं विचारावं. नको म्हणून कळवू ना जागा?”

“मॅडम, एप्रिल तर बिल्कुल...” यशोधननं सुरुवात केली.

“कळवू नका,” सुहासिनीताई म्हणाल्या. “जागा सोडू नका, शालिनीताई.”

“अहो, परवा तर म्हणालात, होतंय!”

“परवा मी चुकीचं लावलं होतं. माणसं गावी गेलीत, हे मी धरलंच नव्हतं.”

शालिनीताईंनी यशोधनकडे पाहिलं. “तुम्ही बोला. माझी पोरं तुमच्या शब्दावर बाहेर काढायची आहेत मला.”

यशोधनला हेड ऑफिसातले चेहरे दिसले, पुढचं कंत्राट दिसलं. मग त्या कुलपं घातलेल्या झोपड्या काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

“ताई म्हणतात तेच खरं आहे,” तो म्हणाला. “पावसाळा उजाडेल.”

“अच्छा.” शालिनीताई खाली बसल्या. “राग येतोय मला तुमचा. पण वेळेत बोललात.” त्यांनी तिथूनच घरमालकाला फोन लावला आणि जागा ठेवतोय म्हणून सांगून टाकलं.

इकडे यशोधनचा फोन वाजायला लागला. हेड ऑफिस. बदललेलं वेळापत्रक तिकडेही दिसलं होतं. सुहासिनीताईंनी पर्स खांद्याला अडकवली होती.

“अहो, आता कुठे निघालात? हे कोण निस्तरणार?”

“तू साहेब आहेस ना? बोल की! मुरलीधर स्टेशनला निघायच्या आत मला त्याच्याकडून सगळ्यांचे नंबर घ्यायचेत. होळीनंतर आपला फोन पहिला जायला हवा.”

आणि गेल्यासुद्धा. फोन हातात वाजत होता. यशोधन काचेपाशी उभा राहिला, शालिनीताईही त्याच्या शेजारी आल्या. खाली राखाडी हवेत सुहासिनीताई रस्ता ओलांडत होत्या. एका ऑटोला हात केला, ती थांबली नाही; दुसरीची वाट न पाहता त्या पदपथावरून झपाझप साइटच्या दिशेनं चालू लागल्या. दोघं बघत होती. धुरक्यात त्यांची पाठ दिसेनाशी झाली, तेव्हा यशोधननं फोन कानाला लावला.