शेवटच्या धबधब्याचे कप्तान

कप्तान कशाचेच कप्तान नव्हते. ना जहाजाचे, ना फौजेचे, ना गल्लीतल्या क्रिकेट टीमचे. उभा जन्म त्यांनी नळ विकले. बेसिनचे, बाथरूमचे, गरम-गार पाण्याचे. कुठला नळ किती वर्षांत गळायला लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढं सोडून बाकी सगळं ते गिऱ्हाइकाला सांगत. दर रविवारी जंगलात पायी जाणारी काही मंडळी होती. त्यांचं पुढारपण कप्तानांनी कुणी न देताच घेतलं, डोक्यावर टोपी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि सगळे त्यांना कप्तान म्हणू लागले. टोपी शोभली की खालचं डोकं कोण तपासतो?

त्या जंगलात ओढ्याच्या कडेकडेने वर चढणारी एक लांबलचक पायवाट आहे. वाटेत लहानमोठे धबधबे लागतात आणि शेवटी म्हणे सगळ्यांत मोठा. ‘म्हणे’ अशासाठी, की तो एकट्या कप्तानांनीच पाहिला होता. दुकानात कुणी साधा वायसर घ्यायला आलं तरी त्याला तो ऐकावा लागे. “तीन धारा! मधली तर नुसतं दूध. आणि मागे कपार. तिच्यात उभं राहायचं, समोर पाण्याचा पडदा, त्यातून येणारं ऊन... काय सांगू तुम्हाला!” गिऱ्हाईक बिचारं वायसर मुठीत धरून उभं.

मंडळींना तो धबधबा कधी दिसला नाही. शेवटचा ओढा ओलांडायच्या आधी जेवण व्हायचं. मग कप्तान “पाण्याचा अंदाज घेऊन येतो” म्हणून एकटेच वळणापलीकडे जायचे आणि गुडघ्यापर्यंत भिजून परत यायचे. “कंबरेएवढं आहे. ओढ फार. आज नको.” मंडळी हळहळायची, कप्तानांच्या धाडसाचं कौतुक करायची आणि निमूट मागे फिरायची. मंडळीही त्याच मापाची! भरल्या पोटी परत फिरायला कारण मिळालं तर कुणाला नको असतं?

कप्तानांची बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. पँटी तोकड्या करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं. पँटच्या बाबतीत तिला फसवणं कठीण होतं. ओढ्यातून चालत आलेल्या पँटच्या दुमडीत वाळू सापडते, कुजका पाला सापडतो. नवऱ्याच्या दुमडीत इतक्या वर्षांत खडादेखील सापडला नाही. ती काही बोलली नाही. म्हटलं, नळाच्या दुकानात मान मोडणारा माणूस, रविवारी चार लोकांत मिरवतोय तर मिरवू दे. पण तिला स्वतःला तो धबधबा बघायचा होता, लग्न झालं तेव्हापासून. दर वेळी कप्तान म्हणायचे, “तुला नाही जमायचं गं. ते बायकांचं काम नाही.” पँट खोटं बोलते हे ओळखणाऱ्या बाईने हे मात्र खरं मानलं, याचाच तिला पुढे सगळ्यांत जास्त संताप आला.

एक दिवस ती गुडघे दाखवून दवाखान्यातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “या रविवारी मी येणार आहे.”

“अगं, गुडघे बघ आधी स्वतःचे.”

“तेच दाखवून आलेय. डॉक्टर म्हणाले, काय चढायचं ते याच मोसमात चढून घ्या. पुढच्या वर्षी घरचा जिनासुद्धा जड जाईल.”

“पण शेवटपर्यंत जाता येईलच असं नाही हं. पाण्यावर असतं ते.”

“मला शेवटचाच बघायचाय. बाकीचे तुमच्या दुकानात बघते.”

रविवारी कप्तान पुढे, शिट्टी वाजवत. त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, मग शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणी, आणि सगळ्यांच्या मागे ती, गुडघे दाबत. पहिल्या धबधब्यापाशी सगळ्यांनी पाण्याकडे पाठ करून फोटो काढले. दुसऱ्यापाशी कप्तानांनी पाणी का पडतं ते समजावलं. तिसऱ्यापाशी दोघी बहिणी आपलं पाणी संपलं म्हणून कुरकुरल्या, तेही धबधब्यासमोर उभ्या राहून. तिने मात्र प्रत्येक ठिकाणी खाली वाकून तोंड धुतलं. गुडघ्यांतून कळा येत होत्या आणि तरी कित्येक वर्षांत ती इतकी खूश नव्हती.

जेवणं झाली. कप्तान अंदाज घ्यायला निघाले. हात धुवायचं निमित्त करून ती त्यांच्या मागोमाग गेली.

ओढा फार तर पोटरीभर होता. कप्तान काठावरच्या दगडावर बसले होते. टोपीत पाणी घेऊन आधी डाव्या गुडघ्यावर, मग उजव्या गुडघ्यावर ओतत होते. अगदी जपून, कुंडीतल्या रोपाला घालावं तसं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. ते उथळ पाणी दगडावर बसलेलं तिने आज पाहिलं.

“झालं का भिजवून?”

कप्तानांच्या हातून टोपी पाण्यात पडली.

“कधी तरी गेलात का हो पलीकडे?”

त्यांनी शेजारची काठी उचलून वाहत चाललेली टोपी ओढून घेतली. मग म्हणाले, “वाहत्या पाण्यात पाय टाकला की सगळं गरगरतं गं मला.”

“मग ती कपार? तो पडदा?”

“असणारच की. धबधबा म्हटलं की असतंच तसं.”

भिणं हा काही गुन्हा नाही. ती स्वतः पालीला घाबरायची. पण स्वतःची भीती झाकायला या माणसाने आयुष्यभर तिच्या बाईपणावर, आणि आता गुडघ्यांवरही बोट ठेवलं होतं. तिला त्यांची किळस आली. तिने बूट काढून काठावर ठेवले, त्यांच्या हातातली काठी घेतली आणि पाण्यात उतरली.

“अगं, मंडळींना काय सांगू मी?”

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

धबधबा पुढच्याच वळणावर होता. धार एकच होती, पण चांगली रुंद, आणि दुधासारखी मुळीच नव्हती. काळ्याभोर खडकावरून ती अंगावर धावून आल्यासारखी कोसळत होती. मागे कपार सोडाच, मुंगी शिरेल एवढी फटही नव्हती. ती आधी मोठ्याने हसली, मग तिला रडू आलं. इतक्या जवळ होता हा! चिंब होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

परतली तेव्हा मंडळी शोधत शोधत काठावर आली होती आणि कप्तान सांगत होते, “मीच पोचवून आलो तिला पलीकडे.” तेवढ्यात ती एका हातात काठी घेऊन, गुडघे सांभाळत, पोटरीभर पाण्यातून समोरून आली. दातांच्या डॉक्टरांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा कप्तानांच्या कंबरेकडे, आणि खाली बसून बूट काढायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच काढले. दोघी बहिणी किंचाळत, हसत पलीकडे गेल्या.

“चला की कप्तान!”

“सामानाला कुणीतरी हवं. मी काय, पाहिलेलाच आहे.”

काठावर दोघंच उरली. ती दगडावर बसून पाय पुसत होती. गुडघे सुजून गोल झाले होते. दुखतंय का, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं, तरी तिने त्यांना सगळं खरं सांगितलं असतं, अगदी एका धारेपासून. ती वाट बघत होती.

कप्तानांनी पलीकडची चाहूल घेतली, तिच्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, “कपार आहे ना गं?”

“आहे की,” ती म्हणाली. “तुम्ही सांगता तश्शीच.”

कप्तानांचा चेहरा फुलला. ओली टोपी पिळून त्यांनी डोक्यावर चढवली आणि उठून उभे राहिले. वळणावरून मंडळी भिजून, बडबडत येत होती. कप्तान पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि छाती काढून ओरडले, “काय मग, कपारीत उभे राहिलात की नाही?”

पलीकडची बडबड थांबली. ती वाकून बुटाची नाडी बांधत राहिली.