योयोच्या दोऱ्याचं दुसरं टोक

माझी सवत परवा गेली.

तिला मिशा होत्या, आणि नाव होतं शांतिनाथ.

हसा खुशाल. शांतूभाऊजी असते तर सगळ्यात आधी तेच हसले असते. मी तोंडावर त्यांना सवत म्हणायचे आणि ते "व्हय की" म्हणून मान डोलवायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या नवऱ्याला, विलासला, योयो जमवायचा नाद आहे. पोरांचं खेळणं, काही जण चक्री म्हणतात, तेच. लोकांच्या शोकेसमध्ये चांदीच्या वाट्या असतात, आमच्या शोकेसमध्ये योयो. जोतिबाच्या यात्रेतले लाकडी, कोल्ड्रिंकच्या झाकणांवर फुकट मिळालेले प्लास्टिकचे, ऑनलाइन मागवलेले मेटलचे.

नाद एकट्याचा असता तर मी सहन केला असता. पण तो दोघांचा होता. दुसरे म्हणजे इथंच बावड्यात पलीकडच्या गल्लीत राहणारे शांतूभाऊजी, विलासचे शाळेपासूनचे दोस्त.

दर रविवारी दोघं आमच्या गच्चीवर योयोचे दोरे वळायचे. विकतचा दोरा ह्यांना चालायचा नाही! इचलकरंजीहून सुताची रिळं यायची. एका टोकाला विलास ड्रिल मशीन लावून पीळ द्यायचा, दुसरं टोक हातात धरून भाऊजी उभे. पीळ बसला की दोरा मधोमध खिळ्याला अडकवून दोन्ही टोकं जुळवायची, मग तो आपणहून स्वतःभोवती वळत जातो.

मी खाली भाकऱ्या थापत वरचं हसणं ऐकायचे.

माझ्याशी "हं" आणि "बघू" यापलीकडं न बोलणारा माणूस वर खो खो हसायचा. जीव जळायचा माझा.

भाऊजी जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार. म्हणून रविवारी स्वयंपाक लवकर, तोही कांदा-लसणाशिवाय. विलास त्यांच्याबरोबरच ताटावर बसायचा. मी मागून एकटी.

माझा सोमवारचा उपवास या माणसाच्या कधी लक्षात राहिला नाही. शांतूची चतुर्दशी मात्र बरोब्बर ठाऊक.

एकदा मी भडकलेच. "भाऊजी, न्ह्या की ह्यांना तुमच्याकडंच, कायमचं!"

"न्हेला असता की वैनी," भाऊजी म्हणाले, "पर आमच्या घरात मलाच कसंबसं ठेवून घेतलंय."

असं बोलल्यावर माणसानं भांडायचं तरी कसं?

मग एका रविवारी भाऊजी लग्नाला गारगोटीला गेले. विलास गच्चीवरून ओरडला, "अगं, जरा टोक धराय ये की!"

मी हाताचं पीठ झटकून पळत गेले. पळत! लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर.

टोक धरलं. निसटायला नको म्हणून चांगलं मागं ओढून, जीव खाऊन धरलं. पीळ बसत गेला आणि दोरा तटकन तुटला.

"अगं, पीळ बसंल तसा दोरा आखडतोय. धरणाऱ्यानं तसतसं फुडं यायचं असतंय." असं म्हणून विलासनं ड्रिल खाली ठेवलं. "ऱ्हाऊ दे. शांतू आला की करतो."

तुटलेल्या दोऱ्याचं काही नाही. पण ते "ऱ्हाऊ दे" फार लागलं. त्यानंतर मी रविवारी गच्चीची पायरी चढले नाही.

परवा सकाळी डेअरीत दूध घालायला गेलेले भाऊजी तिथंच कट्ट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

विलास स्मशानात रडला नाही. घरी आला, अंघोळ केली.  काल जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

आज रविवार.

दुपारी तो उठून गच्चीवर गेला. बराच वेळ ड्रिलचा आवाज नाही, म्हणून मी वर गेले. हा ड्रिलला सूत लावून उभा. दुसरं टोक समोर फरशीवर पडलेलं.

मी उचललं.

  ड्रिल सुरू झालं. दोरा आखडायला लागला तशी मी पुढं सरकले. अजून आखडला, अजून सरकले. ओढलं नाही.

टोकं जुळवायला त्याच्याजवळ गेले, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पदरानं पुसलं. त्यानं पुसू दिलं.

दोरा झकास झाला. विलासनं तो एका लाकडी योयोला लावून खाली सोडला. योयो खाली जाऊन जागच्या जागी भिरभिरत राहिला, आणि बोटाच्या एका हिसक्यात सरसर वर आला.

"आरं, जमलं की!"

काय उजळला त्याचा चेहरा. मला वाटलं, आता माझ्याकडं बघेल.

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि शांतूभाऊजींना फोन लावला.

रिंग जायच्या आधीच त्याच्या लक्षात आलं. फोन हातात तसाच धरून तो मटकन खाली बसला.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या आधी मी जळले. गेलेल्या माणसावर जळले. वाटलं, मी गेल्यावर हा कधी असा चुकून मला फोन लावेल का?

विचारायची हिंमत झाली नाही. शेजारी बसून राहिले.

शांतूभाऊजी, इथून पुढं टोक मी धरेन. तुमची जागा काही मला मिळायची नाही, हे आज कळलं.

भरल्या डोळ्यांनी, आणि अजून थोडं जळतच, तुम्हाला निरोप.