तलावातला विमानतळ

पहिल्याच रविवारी मी साडूंचं विमान पाण्याच्या टँकरवर नेऊन आदळलं. विमान आपल्याकडे तोंड करून परत यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, हे त्यांनी मला सकाळपासून चारदा समजावलं होतं. ते आठवेपर्यंत घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका "अगं बया" म्हणत पांगल्या होत्या. मी रिमोट छातीशी धरून उभा. साडूंनी तुकडे गोळा केले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाहुणे, दिशा चुकली, पण नेम चांगला आहे." अख्ख्या मराठवाड्यात इतका आशावादी माणूस दुसरा नसेल, असं मी तेव्हापासून शपथेवर सांगत आलो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी पाटबंधारे खात्यात, नेमणूक शिरूर अनंतपाळच्या बाजूला. ज्या तलावातलं पाणी मोजण्याचा पगार ते घेत, त्या तलावात त्या दुष्काळात मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसरा कुणी हळहळत बसला असता. साडूंनी भेगाळलेल्या तळावर एक सपाट पट्टा शोधला, त्यावरचे खडे वेचले, एका काठीला आमच्या ताईंच्या जुन्या साडीचा काठ बांधून वाऱ्याची दिशा बघायची सोय केली आणि तिथे खेळण्यातल्या, म्हणजे रिमोटवरच्या विमानांचा क्लब काढला. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं त्यांना आवडत नसे. सभासद मोजके: ते स्वतः, एक मोबाईल दुरुस्तीवाला, एक औषध दुकानदार आणि दर रविवारी लातूरहून एसटीने येणारा मी. नव्या जिल्ह्याची हूल तेव्हाही उठलेलीच होती. कुठला तालुका कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून साडूंनी पाटी रंगवताना आधी मोठी कोरी जागा सोडायला लावली आणि पुढे 'जिल्हा मॉडेल विमान क्लब' असं लिहून घेतलं. पेंटर म्हणाला, "साहेब, मोकळ्या जागेत काय टाकू?" साडू म्हणाले, "घाई नको. जिल्हा झाला की नाव भरू. आपण तयार असलेलं बरं."

लग्नात लोक पंगतीकडे बघतात, साडू थर्माकोलकडे बघत. नवरा-नवरी स्टेजवरून उतरायच्या आत ते मागची सजावट बोटांनी दाबून तिचा दर्जा तपासत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता पडल्यावर सगळे आहेर देत होते आणि हे मंडपवाल्याशी हळू आवाजात बोलत होते. त्यातून जे विमान निघालं त्याच्या एका पंखावर 'शुभ' आणि दुसऱ्यावर 'विवाह' अशी सोनेरी अक्षरं होती. टँकरवर आदळलं ते हेच. 'शुभ' शाबूत राहिलं, 'विवाह' मात्र मधोमध मोडला. मेव्हण्याच्या बायकोला हे अजून आम्ही कुणी सांगितलेलं नाही.

क्लबचा नियम असा, की जो विमान पाडेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी प्यायच्या पाण्याचा जार आणायचा. त्या वर्षी आमच्याकडे लातुरात भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं तुळशीला, अशी बढती-बदली चाललेली. त्यातून मी दर रविवारी जार उचलून निघालो की बायको दारात उभी. "परत पाडलं?"

"वारा होता."

"तुमच्या डोक्यात होता. दाजींना म्हणावं, तुम्हाला पतंग द्या."

तलावाच्या काठावर मात्र माझी वाट बघितली जाई. तिथे शेत असलेले तात्या तर मी एसटीतून उतरल्या उतरल्या विचारीत, "आणलं का पानी? बरं झालं. आजबी पाडा." 

पण पावसाळा उलटू लागला, ढग नुसते येऊन पुढे सरकू लागले, तसे तात्या एका रविवारी माझंच पाणी पिऊन, मिशा पुसून साडूंसमोर उभे राहिले. "साहेब, तकरार न्हाई, पर तुमची इमानं ढग फाडायलीत. ढग आला की तुमी खालून सोडता."

साडूंनी शांतपणे समजावलं की आपलं विमान त्या लिंबाच्या वर जेमतेम जातं, आणि ढग फार उंचावर असतात.

"ते तुमाला ठाव. ढगाला काय म्हाईत, इमान कुठवर येतंय?"

 तात्यांच्या मागे बरीच माणसं जमली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. पेरलेलं करपत होतं. साडूंनी ते पाहिलं. टोपी काढून म्हणाले, "तात्या, ह्या माझ्या साडूंना तेवढं एकट्यानं विमान उतरवू द्या. बाकीच्यांचं झालंय. यांचं झालं की पाटी उतरवतो. शब्द दिला."

तात्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "म्हंजी औंदा पाऊस न्हाईच."

त्या दिवसापासून माझ्या शिकण्यात गावाने लक्ष घातलं. टँकरच्या रांगेतल्या बायका ओरडून सांगू लागल्या, "डावीकडं नगं, भाऊ, उजवीकडं!" आणि गंमत म्हणजे मला जमू लागलं. साडूंचा एकच मंत्र होता, "समोरून येताना डोकं चालवू नका. जो पंख खाली पडतोय त्या बाजूला रिमोटची कांडी ढकला. पडत्या पंखाला टेकू द्यायचा, बस्स." पण मला जमू लागलं तसे साडूच कुरकुरू लागले. कधी वारा आडवा, कधी बॅटरी मंद, कधी ऊन तोंडावर. विमान उतरायला आलं की हात पुढे. "आता द्या माझ्याकडे. खामखा जोखीम नको." मला वाटे, किती जपतात मला!

एका रविवारी ऐन वेळी त्यांना खात्यातल्या वरच्या साहेबांचा फोन आला. फोन कानाला लावून ते जरा लांब गेले, आणि विमान माझ्याकडे वळलं. उजव्या बाजूचा पंख खाली झुकला. मी कांडी उजवीकडे ढकलली. पंख सावरला. मोटर बंद केली. 'शुभ' आणि डिंकाने जोडलेला 'विवाह' दोन्ही एकदम जमिनीला लागले, दोन उड्या मारून विमान तात्यांच्या धोतरापाशी येऊन थांबलं. 

रांगेतून टाळ्या पडल्या. तात्या मला मिठी मारून म्हणाले, "सुटलो गा!"

साडू परत आले. विमान उचललं, गमछ्याने त्यावरची धूळ पुसली, बराच वेळ पुसली. "उतरवलंत की हो," एवढंच म्हणाले. मग काठीवरचा साडीचा काठ सोडला, पाटी काखेत घेतली आणि तिच्यावरच्या कोऱ्या जागेवर उगाच हात फिरवला.

पुढे परतीच्या पावसात तलाव भरला. त्याचं श्रेय तात्या मला देतात, आणि मी नाकारत नाही. दिवाळीनंतर आम्ही जोडीने ताईंकडे गेलो, तेव्हा साडू आम्हाला आवर्जून बांधावर घेऊन गेले. पाणी किती, गेटची दुरुस्ती कधी, सगळं उत्साहाने सांगितलं. तलाव भरल्याचा आनंद खराच होता. मग बदकांचा एक थवा आला आणि आमच्या पट्ट्याच्या बरोबर वर, पाण्यात उतरला. साडू बोलता बोलता थांबले. "बघा पाहुणे, वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. कुणी शिकवलं नाही." आणि रिमोट धरल्यासारखे त्यांचे दोन्ही अंगठे जरासे हलले.

परतीच्या एसटीत बायको खिडकीबाहेर बघत होती. लातूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "अजून दोन-चार रविवार पाडलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं? पाणी मी दिलं असतं की."