मालकांच्या कानाचा कागद

चार वर्षं सांगतेय, आमच्या मालकांना, म्हंजी ह्यांना, ऐकू कमी येतंय. तरी कंपनीच्या तपासणीच्या कागदावर दरवर्षी सगळं बरोबरच येतं. आजपण तेच आलं. ऑडिओमेट्री, नॉर्मल.

कॉलेजात जाणाऱ्या भाचीला विचारलं, हा शब्द काय गं? ती म्हणाली, "मामी, मेट्री म्हंजी मोजणं, ते ग्रीकमधनं आलंय. ऑडिओ लॅटिन हाय. त्याचा अर्थ, मी ऐकतो."

ऐकतात कुठं? दुपारी मांडवगणच्या रस्त्यावर मागनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला, हे जागचे हलले न्हाईत. मीच दंडाला धरून ओढलं.

मग खरं बोलले. "अगं, तपासणारी बाई कानात आवाज सोडायला बटण दाबते तवा तिचा खांदा हलतो. तो बघून आम्ही सगळेच बोट वर करतो. नापास झालो तर काढून टाकतील."

आन् मशीनवर कुणी मागनं ओरडलं तर कुणाचा खांदा बघणार?

आपल्या ह्या व्हॉट्सॅप ग्रुपमधल्या कितीतरी घरातली माणसं कंपनीत हायत. खरं सांगितलं तर कामावरनं काढतात, का दुसऱ्या कामावर टाकतात? सोमवारी ह्यांना परत मशीनवर जायचंय, त्याआधी खरं सांगायचं का ते ठरवायचंय. नुसता अंगठा टाकू नका, रविवारपर्यंत उत्तर द्या.